उभं तेवढं करून दे

आमच्याकडे माणसाचं वय ओळखायची एक जुनी रीत आहे आणि आधार कार्डापेक्षा तिच्यावर माझा भरवसा जास्त आहे. माणूस जमिनीवरून उठताना पाहावा. मांडी घालून बसलेला माणूस पस्तिशीपर्यंत नुसता उठतो. आपण उठलो हे त्याचं त्यालाही कळत नाही. चाळिशीच्या पुढेमागे कधीतरी एक हात हळूच सतरंजीला टेकतो. पन्नाशीत तो हात गुडघ्यावर येतो. आणि मग एके दिवशी, कुणी न शिकवता, उठताना तोंडातून देवाचं नाव बाहेर पडतं. हे दैवत घराघरागणिक वेगळं असतं. आमच्या आत्याबाई 'नारायण, नारायण' करत उठायच्या. समोरचे वकील 'शिव शिव' म्हणतात. उभ्या जन्मात त्यांनी देवाला हात जोडल्याचं कुणी पाहिलेलं नाही. पण बहुतेकांच्या तोंडी येते ती आईच. पंच्याहत्तरीचा माणूस पाटावरून उठताना 'आई गं' म्हणतो, तेव्हा त्या माउलीला जाऊन चाळीस वर्षं झालेली असतात. इतक्या वर्षांत कुठल्या कामासाठी तिला हाक मारली नसेल, ती दीड-दोन फूट उंची चढण्यासाठी मारतो.

हा सोहळा सत्यनारायणाच्या आरतीच्या वेळी अगदी रांगेत पाहायला मिळतो. 'चला, आरतीला उभे राहा' असं गुरुजी म्हणतात आणि सतरंजीवरची माणसं पिढीपिढीनं उठत जातात. आधी पोरं उसळतात. मग सुना-मुलं. मग साड्यांच्या निऱ्या आणि धोतरांचे सोगे सावरत साठीची मंडळी. सगळ्यांत शेवटी कोपऱ्यातले एक आजोबा उरतात. त्यांना उठायचं असतं, पण हात मागायचा नसतो. म्हणून ते चौरंगाच्या केळीच्या खांबांकडे असं निरखून पाहत राहतात, की जणू कृषी विद्यापीठातून खास त्यासाठीच आले आहेत. कुणाच्या तरी ध्यानात येतं, हात पुढे होतो. आजोबा तो हात 'बरं, तू म्हणतोस म्हणून' अशा चेहऱ्यानं धरतात.

माझ्या आजोबांना मात्र अशी लाज नव्हती. ते सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षक होते आणि शाळा खिंडीपलीकडच्या गावात होती. सगळी नोकरी त्यांनी ती खिंड चढून-उतरून केली. पेन्शनीत निघाल्यावरही त्या वाटेची सवय सुटली नाही. शाळा नाही तर बाजार, बाजार नाही तर कुणाचं तरी लग्न जमवायचं काम. ऐंशी उलटल्यावर त्यांना ओसरीवरून स्वतःचं स्वतः उठता येईना. सुट्टीत गावी गेलो की ते काम माझ्याकडे असे. ते हात पुढे करत आणि म्हणत, "उभं तेवढं करून दे. पुढचं माझं मी बघतो." मी ओढायचो, ते दोन्ही पायांवर येत, क्षणभर काठी, धोतर आणि क्षितिज जुळवून घेत, आणि मग जे निघत ते निघतच. वाटेत कुठे बसत नसत, कारण बसलं की उठवायला पुन्हा माणूस शोधायचा. त्यांच्यामागे धावताना माझ्या पोटात कळा येत. जो माणूस दोन फूट वर जाऊ शकत नाही, तो दोन कोस आडवा कसा जातो, हे कोडं माझ्या शाळकरी डोक्याला सुटायचं नाही. घरातल्या मोठ्यांना ते सोपं वाटे. ते म्हणत, नाटकं आहेत म्हाताऱ्याची.

नाटकं नव्हती. सगळं मांडीत होतं. आपल्या स्नायूंमधले तंतू सर्वसाधारणपणे दोन स्वभावांचे असतात. एक चपळ: झटक्यात आवळणारे, जोरकस आणि लवकर दमणारे. जमिनीवरून उठायचं, पाय घसरला तर सावरायचं, सुटलेल्या एस.टी.चा दांडा पकडायचा, ही कामं त्यांची. दुसरे संथ: जोर बेताचा, पण न कुरकुरता तासन् तास चालणारे. उभं राहणं आणि चालणं प्रामुख्यानं त्यांच्या जिवावर चालतं. वय होतं तेव्हा दोघंही कमी होतात, पण सारख्या प्रमाणात नाही. चपळ तंतू अधिक बारीक होतात, संथ बऱ्याच अंशी आपला आकार टिकवून राहतात. स्वीडनच्या यान लेक्सेल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक मोठं चिकाटीचं काम प्रसिद्ध केलं. पंधरा ते त्र्याऐंशी वयोगटातल्या, मरेपर्यंत धडधाकट असलेल्या ४३ पुरुषांच्या मांडीच्या बाहेरच्या अंगाचा अख्खा स्नायू त्यांनी मृत्यूनंतर तपासला. विशीपासून ऐंशीपर्यंत त्या स्नायूचा सुमारे ४० टक्के भाग ओसरतो, असं त्यांना दिसलं. मला याहून गंमत वाटली ती सुरुवातीच्या तारखेची. ही ओहोटी पंचविशीच्या आसपास लागते. म्हणजे घरात पत्रिका जुळवणं चाललेलं असतं, मुलगा घोड्यावर बसायच्या बेतात असतो, आणि त्या घोड्याच्या दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या मांड्यांनी मात्र निवृत्तीचा अर्ज टाईप करायला घेतलेला असतो.

म्हणजे म्हातारपण शक्ती नेतं ते सरसकट नेत नाही. आधी घाई नेतं. मला यात निसर्गाचा एक मिस्कील न्याय दिसतो. उभं आयुष्य आपण लोकलच्या, रेशनच्या, बढतीच्या रांगेत पुढे घुसायला जे तंतू वापरले ते तो आधी काढून घेतो, आणि ज्यांच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही ते हातात ठेवतो. आजोबांची ओसरी आणि आजोबांची खिंड यांच्यातलं अंतर हेच होतं.

पण याच्याही खोल एक गोष्ट आहे आणि ती वाचल्यापासून मी आपल्या मांडीकडे जरा आदरानं पाहू लागलो आहे. स्नायूचा तंतू स्वतंत्र नसतो. पाठीच्या मज्जारज्जूतली एक चेतापेशी आपला धागा लांबवर सोडते आणि शेकडो तंतूंना सांभाळते. तिनं हुकूम दिला की तिचे सगळे तंतू एकदम आवळतात. हे तिचं कुटुंब. साठीनंतर या चेतापेशी एकेक करून मालवू लागतात. कर्ता गेला की त्याच्या घरातले तंतू पोरके होतात. ते आजारी नसतात, चांगले धडधाकट असतात. फक्त त्यांना हाक मारणारं कुणी उरलेलं नसतं. हाक आली नाही की तंतू सुकत जातो. अशा वेळी शेजारची एखादी चेतापेशी, जिचा स्वतःचा संसार काही कमी नसतो, आपल्या धाग्याला नवा कोंब फोडते आणि त्या पोरक्या तंतूला जवळ घेते. सरळ दत्तक. ना वकील, ना होम, ना 'आमच्या वाटणीचं काय' म्हणत आलेले चुलते. आणि दत्तक गेलेला तंतू नव्या घराची रीत उचलतो. चपळ घरातलं लेकरू संथ घरात आलं तर हळूहळू तेही संथ होतं. स्वभाव नसेनं ठरतो, हे १९६० साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराला मांजरांवर दिसून आलं होतं. चपळ स्नायूची नस संथ स्नायूला आणि संथाची चपळाला जोडली, तर दोघांच्या चाली बऱ्याच प्रमाणात बदलल्या. हे काम आर्थर ब्युलर, जॉन एकल्स आणि एकल्स यांची मुलगी रोझामंड अशा तिघांनी केलं. एकल्स यांना पुढे १९६३ मध्ये नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी. कोणाचा स्वभाव कोणाच्या संगतीनं बदलतो याचा शोध बापलेकीनं मिळून लावावा, हे मला नोबेलइतकंच गोड वाटतं.

म्हातारी मांडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर हे दत्तकविधान डोळ्यांना दिसतं म्हणे. तरुण स्नायूत दोन्ही जातींचे तंतू पटावरच्या काळ्यापांढऱ्या घरांसारखे मिसळलेले असतात. म्हाताऱ्या स्नायूत एकेका रंगाच्या वस्त्या झालेल्या असतात. आणि मोठ्या कुटुंबाचे तोटेही असतातच. एका हुकमासरशी फार तंतू हलू लागले की हालचालीतली नजाकत कमी होते. सुईत दोरा ओवताना आजीचा हात अडखळतो त्याची कारणं बरीच असतील, पण त्यांतलं एक हेही की तिच्या नसांनी फार जणांना पदराखाली घेतलेलं असतं.

इथे दमसासाचा व्यायाम येतो. म्हणजे चालणं, पळणं, सायकल, पोहणं, जे जे म्हणून खूप वेळ आणि बेताच्या जोरानं करायचं ते. २०१० मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी पासष्टीच्या आसपासचे, वर्षानुवर्षं पळत आलेले लोक घेतले आणि त्यांच्या नडगीच्या स्नायूतली ही कुटुंबं मोजली. ती पंचविशीतल्या तरुणांच्या बरोबरीनं भरली. न पळणाऱ्या समवयस्कांत मात्र बरीच कमी झालेली होती. पुढे दुसऱ्या काहींनी मांडी तपासली तेव्हा पळणाऱ्यांचीही कुटुंबं घटलेली दिसली; फरक असलाच तर पोरक्यांना सांभाळून घेण्यात. पंडितांचं यावर एकमत व्हायचं आहे. मला विचाराल तर दोन्ही निकाल मान्य आहेत. पळणाऱ्याच्या घरी कर्ती माणसं जास्त जगत असोत, किंवा मागे राहिलेल्यांचं मन मोठं होत असो, कुठल्याही निकालावर मी बूट घालायला तयार आहे.

आपल्या स्नायूच्या आत काय चाललंय हे माणसाला कळलं ते फार उशिरा, आणि कळवणाऱ्यांत उंदरांचा वाटा मोठा आहे. १९६७ साली अमेरिकेत सेंट लुईस इथे जॉन हॉलोझी यांनी उंदरांना फिरत्या पट्ट्यावर पळवलं. वाढवत वाढवत रोज दोन तासांपर्यंत नेलं. व्यायामानं फायदा होतो तो मुख्यतः हृदयाला, स्नायू बिचारा सांगकाम्या, अशी तोवर साधारण समजूत. हॉलोझींनी उंदरांचे स्नायू उघडून पाहिले तर आतल्या मायटोकॉन्ड्रियांची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणिकांची, प्राणवायू वापरायची ताकद जवळजवळ दुप्पट झालेली. पायानं आपल्यापुरती वीज वाढवून घेतली होती आणि हृदयाला त्याबद्दल काही विचारलं नव्हतं.

माणसाची मांडी उंदरासारखी उघडता येत नाही. त्यासाठी स्वीडनच्या योनास बेर्गस्त्रोम यांनी १९६२ मध्ये एक जाडसर सुई प्रचारात आणली; ती मांडीत खुपसायची आणि तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा बाहेर काढायचा. पण खुपसून घ्यायला तयार कोण होणार? १९६६ मध्ये बेर्गस्त्रोम आणि त्यांचे सहकारी एरिक हल्टमन यांनी हा प्रश्न स्वतःपुरता सोडवला. दोघं एकाच व्यायामाच्या सायकलीच्या दोन बाजूंना बसले. एकानं एका पायानं एक पायडल मारायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या पायानं दुसरं. प्रत्येकाचा एक पाय दमणार, एक आराम करणार, आणि मग दोन्ही पायांना सुई. त्यातून साखरेच्या साठ्याबद्दल मोलाची माहिती मिळाली, पण माझं मन त्या सायकलीपाशीच रेंगाळतं. दोन विद्वान गृहस्थ, एक सायकल, घाम गळतोय, आणि एक इंचही पुढे सरकलेले नाहीत. विज्ञान पुढे सरकलं, ही गोष्ट निराळी.

याच साली डॅलसला याच्या बरोबर उलट प्रयोग झाला आणि त्याच्यासाठी तर मीही नाव दिलं असतं. विशीतल्या पाच निरोगी मुलांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. पाय जमिनीला लावायचा नाही. कुणाही आईचा मुलगा जे फुकट करतो ते इथे संशोधन म्हणून करायचं होतं. तीन आठवड्यांनी त्यांचा दमसास मोजला तर तो पावपट किंवा त्याहून थोडा अधिक घसरला होता. मग त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला, तो परत आला. गोष्ट इथे संपायची, पण संशोधकांनी तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा गाठलं. आता ते पन्नाशीचे होते. सरासरी वजन ७७ किलोंचं १०० किलोंवर गेलेलं, अंगातली चरबी दुप्पट. पुन्हा दमसास मोजला आणि असं दिसलं, की तीस वर्षांच्या वयानं पाचांपैकी एकाचंही जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानं केलं होतं. हे ऐकून मला माझ्या आईची आठवण होते. रविवारी दुपारी पाठ टेकली की ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "पडून राहू नकोस, अंग धरेल." तिच्याकडे पाच मुलांचा नमुना नव्हता, एकट्या माझ्यावरच तिचं निरीक्षण होतं, पण निष्कर्ष जुळला. पुढची गंमत अशी, की त्या पन्नाशीच्या पाचांना सहा महिने बेताबेतानं चालायला, पळायला, सायकल चालवायला लावलं आणि वयानं नेलेला दमसास त्यांनी भरून काढला; विशीत व्यायामानं गाठलेली उंची मात्र पुन्हा गाठता आली नाही.

ज्यांनी मधे सोडलंच नाही त्यांचं काय? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बॉल स्टेट विद्यापीठानं सत्तरीतले असे लोक तपासले जे पन्नासेक वर्षं सतत पळत, सायकल चालवत आले होते. स्पर्धा जिंकायला नव्हे, आवड म्हणून. त्यांचा दमसास तरुणांइतका नव्हता. पण मांडीतल्या केशवाहिन्यांचं जाळं आणि ऊर्जा बनवणारी विकरं व्यायाम करणाऱ्या तरुणांच्या तोडीची होती. छातीवर वय दिसत होतं, मांडीच्या आतल्या गल्ल्यांतून मात्र रक्ताची वर्दळ पंचविशीसारखीच होती.

या सगळ्या मंडळींत मला कॅनडाचे एड व्हिटलॉक फार आवडतात. मूळचे लंडनचे, पेशानं खाणकाम इंजिनिअर. सत्तरी ओलांडल्यावर तीन तासांच्या आत मॅरेथॉन पळणारे ते जगातले पहिले. २००३ मध्ये २ तास ५९ मिनिटं १० सेकंद. पुढच्या वर्षी, त्र्याहत्तराव्या वर्षी, त्याहूनही कमी: २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंद. ना प्रशिक्षक, ना खास आहार. बूट इतके जुने की एखाद्या वस्तुसंग्रहालयानं मागून घ्यावेत. आणि सराव कुठे, तर घराजवळच्या दफनभूमीत. मिल्टन गावातल्या त्या थडग्यांमधून फिरणाऱ्या छोट्याशा रस्त्यावर ते तीन-तीन तास गोल गोल पळत. फेऱ्या मोजत नसत, नुसता वेळ पाहत. असं म्हणतात की हा रोजचा सराव त्यांना विशेष आवडायचाही नाही; कंटाळवाणाच वाटे. हे वाचून मला फार धीर आला. आरोग्यावर लिहिणारे लोक आपल्याला सांगत असतात की व्यायामात आनंद शोधा. इथे एक जागतिक विक्रमवीर थडग्यांमधून रोज कंटाळत पळतोय, आणि तिथले कायमचे रहिवासी काहीएक न बोलता त्याला वाट देतायत. २०१६ मध्ये पंच्याऐंशीव्या वर्षी ते टोरंटोत चार तासांच्या आत पळाले आणि पुढच्या मार्चमध्ये गेले.

त्याच टोरंटोत २०११ साली आपले फौजा सिंग शंभराव्या वर्षी मॅरेथॉन पुरी करून गेले होते. जालंधरजवळच्या बियास पिंडचा हा माणूस लहानपणी पाच वर्षांचा होईपर्यंत धड चालत नव्हता, पाय काठीसारखे. मुलाच्या मृत्यूच्या दुःखातून सावरायला म्हणून पळू लागला आणि एकोणनव्वदाव्या वर्षी लंडनला पहिली मॅरेथॉन पळाला. गिनेस बुकानं विक्रम लिहून घेतला नाही, कारण जन्माचा दाखला नव्हता. १९११ साली पंजाबातल्या एका खेड्यात दाई होती, कारकून नव्हता. पासपोर्टावर तारीख होती, पण ती चालली नाही. मांडीनं बेचाळीस किलोमीटरची साक्ष दिली तरी कागदाशिवाय खटला उभा राहिला नाही. २०२५ च्या जुलैत गावाजवळचा रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलं आणि ते गेले.

एक मात्र इथेच सांगून टाकतो, नाहीतर हाडांचे डॉक्टर माझ्यावर रागावतील. चालण्या-पळण्यानं दम टिकतो, रक्तवाहिन्या टिकतात. पण ओसरीवरून उठवणारे ते चपळ तंतू नुसत्या चालण्याला फारशी दाद देत नाहीत. त्यांना वजन लागतं. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली, तर मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणूनच हल्ली आमच्या सोसायटीच्या जिममध्ये कुकर लावून आलेल्या काकू छोटे डंबेल घेऊन आरशासमोर उभ्या असतात आणि दहापर्यंत मोजताना मधेच शिट्ट्यांचा हिशेब लागून पुन्हा एकपासून सुरू करतात. माझ्या आजोबांना कुणी वजन उचलायला लावलं असतं तर माझं सुट्टीतलं काम गेलं असतं. पण 'मास्तरांना म्हातारपणी दगड उचलायला लावले' म्हणून गावानं आमच्या घराशी रोटीबेटी बंद केली असती, तेही खरं.

संथ तंतूंचा खरा दरबार पाहायचा तर आषाढीच्या आधी वारीच्या वाटेवर दिवे घाटात उभं राहावं. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, तीनेक आठवडे. पुणे ते सासवड हा त्यातला सर्वांत लांबचा टप्पा आणि त्यातच हा घाट. पासष्टीच्या, सत्तरीच्या बायका डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन, पायात झिजून कागदासारख्या झालेल्या स्लिपर घालून चढत असतात. याला त्या व्यायाम म्हणत नाहीत. व्यायाम म्हणालात तर त्यांना हसू येईल. मी एकदा तिथे एका आजीला पाहिलं. वळणावरच्या दगडी कठड्याला टेकून खाली बसल्या होत्या. नऊवारीचा काष्टा पावसानं पोटऱ्यांना चिकटलेला, आणि त्या पोटऱ्यांवर शिरांचा असा निळा गुंता, की कुणी नद्यांचा नकाशा काढावा. बिस्किटाचा पुडा संपवून त्यांनी कागदाची नीट घडी केली, कनवटीला खोचली आणि शेजारून जाणाऱ्या कॉलेजच्या पोराकडे न पाहताच हात वर केला. "माऊली, उठव रे." पोरानं उठवलं. तो खांद्यावर पाठपिशवी, कानात गाणी, बुटांवर विजेसारखी रेघ असा नवा कोरा वारकरी होता. दोन वळणांनंतर तो मला रस्त्याच्या कडेला दम खात बसलेला दिसला. आजी दिसल्या नाहीत. पुढे गेल्या होत्या.

आम्ही आपले पुण्याच्या पर्वतीवर जातो. एकशे तीन रुंद दगडी पायऱ्या, सकाळची वेळ, चार-सहा निवृत्त माणसांची टोळी. आमच्यातल्या अण्णांना न्यू जर्सीच्या मुलानं एक स्मार्ट घड्याळ पाठवलं आहे. बापानं किती पावलं टाकली, नाडी किती पडते, सगळं मुलाला तिकडे दिसतं. अण्णांना हे घड्याळ जावयासारखं सांभाळावं लागतं. पावलं कमी भरली की रात्री फोन येतो, "बाबा, बरं वाटत नाही का?" म्हणून अण्णा एखाद्या संध्याकाळी दूरदर्शनसमोर बसून नुसता मनगट हलवतात, हे वहिनींनी आम्हाला सांगितलेलं आहे.

पावसाळ्यात अण्णांना चिकनगुनिया झाला. सांधे असे धरले की कूस बदलायची तरी कण्हायचे. मुलाला कळवायचं नव्हतं. कळलं तर तो तिकीट काढून येईल, आणि त्याची तिकडे नोकरीची काहीतरी ओढाताण चालू होती. तेव्हा एका पहाटे वहिनी छत्री घेऊन पायथ्याशी आल्या आणि ते घड्याळ त्यांनी टोळीतल्या देशमुखांच्या हातात ठेवलं. "भावजी, यांचं तेवढं घालून जाल का? पोरगं काळजी करत बसेल." देशमुखांनी काही विचारलं नाही. मनगटावर चढवलं, पट्टा एक घर सैल केला आणि निघाले. त्या दिवशी ते एरवीपेक्षा एक फेरी जास्तच चढले. अण्णांची पावलं कमी पडायला नकोत.

देशमुख म्हणजे जुने सायकलपटू. पुणे ते महाबळेश्वर सायकलनं गेलेला माणूस. त्यांची नाडी बसल्या जागी अठ्ठावन्न पडते. तर तिकडून रविवारी फोन. मुलगा नुसता हरखलेला. "बाबा, काय करताय तरी काय? रेस्टिंग हार्ट रेट अठ्ठावन्न! माझा बहात्तर आहे!" अण्णा गादीवर आडवे, खाली उशी, वर उशी. ते म्हणाले, "काही नाही रे, नियमितपणा." आणि मग मुलानं आनंदाच्या भरात डिसेंबरातल्या एका स्पर्धेत ज्येष्ठांच्या पाच किलोमीटरला त्यांचं नाव घालून टाकलं. बनियनचा साईजही कळवला.

आता अण्णा हिंडूफिरू लागले आहेत. सांधे अजून कुरकुरतात. पण देशमुख रोज सकाळी सहाला त्यांच्या दारात हजर असतात. "चला, माझी नाडी तुमच्या नावावर आहे, मला तिची अब्रू राखायचीय." परवा पर्वतीच्या पहिल्या वळणापर्यंत आले आणि अण्णांनी कठडा धरला. देशमुख वरून हाका मारत होते. अण्णा धापा टाकत ओरडले, "अहो, जरा दमानं घ्या. मी अठ्ठावन्नचा नाही, अठ्ठ्याहत्तरचा आहे."

नाडी म्हणाले की वय, ते आम्ही कुणी विचारलं नाही.